शुद्ध केलेलं लेकरू

सुरुवातीलाच वाचकांची क्षमा मागतो. लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. अमरावतीला कॉलेजात आलो तेव्हा वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची, कारण माझ्या तोंडून ‘मले’ आणि ‘तुले’ निघायचं आणि पुण्याकडून आलेले सर चष्म्यावरून बघायचे. एका संन्यासिनीबद्दल लिहायचं म्हणजे भाषा गोड पाहिजे, मन शांत पाहिजे. माझ्याजवळ दोन्ही नाही. तिची आठवण आली की माझ्या पोटात मळमळतं. त्यात तिचा दोष थोडा आणि आमच्या गावाचा फार आहे. ज्यांना सुंदर काही वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबलं तरी मला वाईट वाटणार नाही.

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, सडकेपासून आत. आम्ही बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ती गावात आली. मूळची केरळातली, काळीसावळी, ठेंगणी, अंगात पांढरा झगा आणि डोक्यावर पांढरं फडकं. तिच्याबरोबर एक म्हातारी संन्यासिनी होती, ती वर्षभरात आजारी पडून परत गेली आणि ही एकटीच उरली. गावाबाहेर, आमच्या वस्तीच्या अलीकडे, जिनिंगवाल्याची एक जुनी कापसाची कोठी रिकामी पडली होती. तिथं तिनं दवाखाना मांडला. सगळे तिला शिस्टरबाई म्हणत.

सकाळी कोठीच्या ओट्यावर शाळा भरे. ज्यांना गावच्या शाळेत मागं बसवत किंवा ज्या पोरींना कोणी शाळेतच घालत नसे, अशी पंधरावीस पोरं. आधी ती सगळ्यांच्या डोक्यातल्या उवा बघायची, नखं बघायची, कानातला पू पुसायची, आणि मग पाटीला हात लावू द्यायची. माझं इंग्रजी आणि गणित त्या ओट्यावरचं आहे. दुपारी तिथंच रोगी येत. खरूज, नारू, सडलेली बोटं, वाळल्या रक्तानं चिकटलेल्या चिंध्या. फिनाईल आणि पू यांचा मिळून जो वास होतो तो ज्याला माहीत आहे त्याला मी सांगायची गरज नाही.

लोक म्हणतात, अशा बायांना किळस येत नाही. हे खोटं आहे. तिला येत असे. एकदा एका बाईच्या पायातून अळ्या काढून झाल्यावर ती कोठीच्या मागं गेली आणि भडभडून ओकली. तोंड धुऊन परत आली आणि पुढच्या माणसाला म्हणाली, “बसा.” माझी मोठी बहीण तेव्हा तिच्या हाताखाली होती. ताईला नवऱ्यानं टाकलं होतं. दिवसभर घरात बसून ती मायच्या शिव्या खायची, म्हणून शिस्टरबाईनं तिला मदतीला बोलावून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी ताईला वांती आली तेव्हा शिस्टरबाई तिला म्हणाली, “किळस मलाही येते. रोज येते. आधी हात धुवायचे, मग ओकायचं. रोग्याच्या समोर नाही.” तिचं मराठी पुस्तकातून शिकलेलं, प्रत्येक शब्द वेगळा ठेवल्यासारखं.

वस्तीतले आमचेच लोक ताईला सोडत नव्हते. नळावर बाया म्हणायच्या, “काहून वं, आता लोकाइचं मूत काढाले पगार भेटते का?” आमच्या म्हाताऱ्यांना वेगळीच धास्ती. ते बापाला सांगत, “पोट्टीले सांभाळ. आत्ताच एका देवाच्या जाचातून सुटलो, दुसरा गयात बांधू नको.” शिस्टरबाईच्या कानावर हे गेलं होतं. ती नुसती हसली.

तिच्याजवळ घड्याळ होतं, पण ते बहुतेक बंदच असे. कात्री, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, सगळं ती स्टोवर उकळत ठेवी आणि गळ्यातली माळ हातात घेऊन जप करी. माळेचा अमुक एक फेरा पुरा झाला की उकळणं पुरं. त्याआधी राजा जरी दारात आला तरी भांडं उतरायचं नाही. ताईनं विचारलं, “मले तर तुमची प्रार्थना येत नाई, मी काय करू?” शिस्टरबाईनं तिला विचारलं, तुला काय येतं? ताईला त्रिसरण येत होतं. मग तेवढाच वेळ भरेल इतक्या वेळा त्रिसरण म्हणायचं, असं ठरलं. “पाणी उकळलं पाहिजे,” शिस्टरबाई म्हणाली. स्टोजवळ एक बाई मेरीचं नाव घेते आहे आणि दुसरी बुद्धाला शरण जाते आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. दोघींनाही त्यात काही विशेष वाटत नसे.

गावाबद्दल मला चांगलं लिहिता येत नाही. गावातली मोठी घरंही तिच्याकडे येत, पण सांजवेळी, मागच्या वाटेनं. बाटली घरून आणत. औषध भरून घेतलं की घराच्या दारात बाटलीवर बाहेरून पाणी ओतत, तेव्हा ती आत जाई. पोराला तिनं सुई टोचली की घरी नेऊन आंघोळ घालत, तापात फणफणलेलं असलं तरी. तिच्या हातचं औषध पोटात चालत होतं. तिचा हात लागलेली बाटली मात्र देवघराच्या भिंतीला चालत नव्हती. हे मी लहानपणापासून पाहत होतो आणि मला ते रोजचंच वाटत होतं. आता वाटत नाही. आता ते पाणी ओतणारे हात आठवले की अळ्यांचा पाय बरा वाटतो.

ताई हुशार निघाली. शिस्टरबाईनं तिला वाचायला शिकवलं, सातवीच्या फायनलला बसवलं, ती पास झाली. अकोल्याला एका दवाखान्यात नर्सचं शिक्षण मिळत होतं, राहणं-जेवण तिथंच. शिस्टरबाई स्वतः जाऊन बोलून आली. त्यांनी घ्यायचं कबूल केलं, फक्त गावच्या पाटलाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायला सांगितला. टाकलेली बाई, म्हणून. ताईसाठी तो दाखला म्हणजे सगळं होतं. दाखला मिळाला तर ती नर्स होणार होती. नाही मिळाला तर मायच्या चुलीजवळ आयुष्य काढायचं, किंवा ज्या नवऱ्यानं दात पाडला त्याच्याकडे हात जोडून परत जायचं. पाटील देतो म्हणाला होता. दिवाळीनंतर ये, म्हणाला होता.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुटीत गावी आलो आणि त्याच दिवसांत हे घडलं.

गावात कापसाचा एक मोठा अडत्या होता. त्याच्या धाकट्या सुनेचं पहिलं बाळंतपण अडलं. गावच्या सुईणीनं हात टेकले. शिस्टरबाई औषधं आणायला अकोल्याला गेली होती. अडत्याचा गडी धावत आला तेव्हा दवाखान्यात ताई एकटी होती. ती जायला धजत नव्हती. आमच्या वस्तीतल्या बाईनं त्या घराच्या माजघरात जायचं म्हणजे काय, हे तिला कळत होतं. पण गडी म्हणाला, “बाई मरून राहिली नं वं! चाल ना!” मग ती गेली. पिशवीत उकळून बांधून ठेवलेलं सगळं सामान होतं. तिनं बाई सोडवली, मुलगा झाला, नाळ कापली, दोरा बांधला, वर औषधाची स्वच्छ पट्टी बांधली. सासूला बजावून सांगितलं, पट्टीला हात लावायचा नाही. घरी आली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला होता की मायनं शिवी न देता जेवायला वाढलं.

पाचवी झाली, सटवाईची पूजा झाली. त्यानंतर एका सकाळी गडी पुन्हा आला. पोर अंगावर पीत नव्हतं. शिस्टरबाई आणि ताई दोघी गेल्या. मला जे पुढचं माहीत आहे ते ताईनं घरी येऊन सांगितलेलं. पोराचं तोंड उघडत नव्हतं, जबडा घट्ट मिटलेला. कोणी हात लावला की अंग कमानीसारखं ताठ होई. शिस्टरबाईनं पोटावरचं कापड बाजूला केलं. ताईनं बांधलेली पट्टी तिथं नव्हती. तिच्या जागी जुन्या लुगड्याची चिंधी होती आणि बेंबीवर गोवरीची राख तुपात कालवून थापलेली. गोमूत्राचा वास येत होता.

शिस्टरबाईनं सासूला ओसरीवर बोलावून विचारलं, हे कधी केलं? सासू काही लपवत नव्हती. लपवण्यासारखं आहे असं तिला वाटतच नव्हतं. “तवाच, तुमची पोट्टी गेली का लगेच,” ती म्हणाली. “तिनं शिवलं होतं नं लेकराले. शुद्ध नाई करा लागे का? गोमूत्रानं धुतलं, राख लावली. आमच्या घरातलं लेकरू हाय ते.”

एखादं भांडं घासून घेतल्याचं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. ताई तिथंच उभी होती. त्या म्हातारीनं ताईकडे पाहिलंसुद्धा नाही.

पोर दुसऱ्या दिवशी गेलं.

मी इथं थांबून थोडं लिहितो, कारण पुढचं लिहायला मला जड जातं. लोकांच्या अडाणीपणाची मला तेवढी चीड येत नाही. माझी मायही अडाणी आहे. पण आपल्या सुनेचा जीव वाचवणारा हात घाण आहे, असं ज्याला मनापासून वाटतं आणि त्या घाणीवर जो शेणाचा उतारा शोधतो, त्याच्याविषयी मला काय वाटतं ते सभ्य भाषेत लिहिता येणार नाही. मी नीट पुस्तकं वाचलेला माणूस नाही. मला ओकारी येते, एवढंच लिहितो.

गावात आठ दिवसांत एकच बोललं जाऊ लागलं. शिस्टरच्या ब्लेडनं लेकरू मेलं. कोणी म्हणे, त्यांच्या पोट्टीनं मुद्दाम केलं. चावडीवर बैठक बोलावली. पाटील, अडत्या, दोनचार मोठे शेतकरी वर सतरंजीवर. आम्ही वस्तीतले लोक खाली कडुनिंबाजवळ उभे. शिस्टरबाईला खुर्ची दिली होती, ती बसली नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी ताई आणि तिचं दवाखान्यात भांडण झालं. मी दारात होतो. ताई म्हणत होती, “मी सांगतो उद्या सगयाइच्या समोर. गोमूत्र लावलं थे सांगतो. राख लावली थे सांगतो.”

“सांगशील,” शिस्टरबाई म्हणाली. “आणि म्हातारी नाही म्हणेल. मग तुझं कोण ऐकेल? पाटील तुला दाखला देईल?”

“तर तुमी सांगा. तुमचं तरी आयकतीन.”

“ती मुलगी अजून बाजेवर आहे. तिला रक्त जातं आहे. तुझ्या सासूनं तुझा मुलगा मारला, हे तिला मी चावडीवरून कळवू? तिला त्याच घरात राहायचं आहे. त्याच म्हातारीच्या हातचं पाणी प्यायचं आहे.”

ताई रागानं म्हणाली, “मंग मेलेल्या लेकराचं काय?”

शिस्टरबाई स्टो पेटवायला लागली.

चावडीवर पाटलानं सरळ विचारलं, “बाई, लेकरू कशानं मेलं ते सांगा. आमच्या गावात तुमचा दवाखाना ठेवाचा का नाई ते मंग पाहू.”

ताई माझ्या शेजारी उभी होती. तिनं तोंड उघडलं, “मी सांगतो, पाटील—”

“तू थांब,” शिस्टरबाई म्हणाली. तिचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. मग ती सतरंजीवरच्या लोकांकडे वळली. “धनुर्वातानं मेलं. ब्लेड स्वच्छ नव्हतं. मी ते उकळलं नव्हतं. घाईत अकोल्याला निघाले आणि न उकळलेलं सामान पिशवीत ठेवून गेले. या मुलीला ते माहीत नव्हतं. मी जसं शिकवलं तसं तिनं केलं. चूक माझी आहे.”

पिशवी ताईनं भरली होती. ताईनंच उकळलं होतं, त्रिसरण म्हणत. शिस्टरबाईला ते माहीत होतं. ती सगळ्यांसमोर, पांढऱ्या झग्यात, धडधडीत खोटं बोलली होती.

पाटलानं दाढी खाजवली. “मंग पोट्टीचा दोष नाई?”

“नाही.”

“मंग आमचं पोट्टीसंग भांडन नाई.” त्यानं अडत्याकडे पाहिलं. अडत्यानं मान हलवली. मला वाटतं त्याला घरातलं सगळं माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला तो मी विसरू शकत नाही. एखाद्याचं ओझं दुसऱ्यानं आपणहून उचलावं आणि पहिल्यानं उपरण्यानं घाम पुसावा, तसं त्यानं केलं. वर म्हणाला, “बाईनं कबूल केलं, मन मोठं हाय तिचं. पण आता इथी दवाखाना नको.”

ताईला दाखला दोन दिवसांत मिळाला.

शिस्टरबाईच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा गावानं तिचा निरोप समारंभ केला. होय, समारंभ. त्याच चावडीवर, त्याच लोकांनी, हार आणि नारळ आणून. गावच्या गुरुजींनी त्यागावर भाषण केलं. अडत्यानं हार तिच्या गळ्यात घातला नाही. थोडा दूर उभा राहून तो तिच्या हातात टाकला, बोटाला बोट लागू नये असा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती गेल्यावर पंधरा दिवसांत त्या कोठीत पुन्हा कापूस भरला. ज्या ओट्यावर मी गणित शिकलो तिथं तोलाईचा काटा लागला.

मीही तेव्हा कॉलेजला परत निघालो होतो. अकोल्यापर्यंत एकाच मोटारीत बसून गेलो. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. स्टेशनवर माझ्या गाडीला वेळ होता. मी बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी धरणार, ती दुसऱ्या दिशेनं जाणार. मला तिच्याशी बोलायचं होतं. खरं सांगायचं तर मला तिचाही राग होता. तिच्या गप्प बसण्याचा मला वीट आला होता. मेलेल्या लेकराच्या बेंबीवरची ती राख तिनं जणू स्वतःच्या झग्यानं झाकली होती आणि म्हातारी मोकळी सुटली होती, पुढच्या लेकराला पुन्हा राख लावायला.

शेवटी मी विचारलं, “तुमच्या धर्मात खोटं बोलणं पाप नाई का?”

“आहे.”

“मंग?”

“फादरांजवळ कबुली द्यावी लागेल. देईन.”

“म्हणजे त्यांना खरं कळेल?”

“त्यांना कळेल. पण कबुलीत ऐकलेलं ते कोणालाही सांगू शकत नाहीत.”

“तुमच्या संस्थेच्या मोठ्या बाईंना तरी तुम्ही सांगा ना. काय झालं होतं ते.”

ती पेटीवर बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, “आमच्यात आपली बाजू आपण मांडत नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन.”

“विचारतील?”

“मी सगळ्यांसमोर कबूल केलं आहे. मग कशाला विचारतील?” मग तिनं मला विचारलं, वसतिगृहात पाणी उकळून देतात का. मी म्हणालो, नाही. तेवढ्यात माझी गाडी लागली. मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले आणि म्हणाली, “अभ्यास कर.”

ताई अकोल्याला शिकली. पहिल्या महिन्यात तिला सोबतच्या मुली ताट वेगळं ठेवायला सांगत. ती मला भेटली की त्यांना शिव्या देई आणि मग हसत असे. शिस्टरबाईचा पत्ता आम्हाला नव्हता. ताईनं त्यांच्या संस्थेच्या मोठ्या ठिकाणी दोनदा पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. पत्र तिच्या हाती पडलं की नाही, तेही कळलं नाही. मी मनाशी धरून होतो की ती कुठंतरी मेळघाटात असेल, सेमाडोहच्या बाजूला, कोरकू आदिवासींच्या पोरांच्या डोक्यातल्या उवा बघत. का कोण जाणे, मला तसंच वाटे. तिथं रोगी पुष्कळ आणि बाटलीवर पाणी ओतणारे कमी, असं माझ्या मनाचं चित्र होतं.

ताई नर्स झाली आणि अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात लागली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी ती पांढऱ्या साडीतच माझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

“त्याइच्या संस्थेची एक शिस्टर पेशंट घेऊन आल्ती,” ती म्हणाली. “मी विचारलं.”

“मंग? कुठी हायेत त्या?”

“गेली. मागच्या पावसाळ्यात. कावीळ झाल्ती.”

ताई फाटकाचा गज धरून उभी होती.

“आणखी आयक,” ती म्हणाली. “आपल्या गावाहून गेल्यावर तिले त्याइनं दवाखान्यात ठेवलंच नाई. कोणत्याच पेशंटजवळ जाऊ देलं नाई. कोंबड्याइचं काम देलं होतं, अन् भाजीच्या वाफ्याइचं. मी म्हटलं, काहून? तर थे शिस्टर मलेच म्हणे, तिच्या हातानं एक लेकरू मेलं होतं ना, तिनं सोताच कबूल केल्तं.”